धाकट्या राणीची सुनावणी

पोळ्याच्या आधीचा रविवार, सकाळी साडेदहा. जागा, आमच्या वसाहतीतल्या, म्हणजे ले-आउटमधल्या, हनुमान मंदिरामागचा टिनाचा हॉल. जमलेली वर्गणी आठ हजार सहाशे रुपये. हजर सात जण: गुणवंतभाऊ, चेतन, चेतनचे तीन मित्र, खजिनदार म्हणून मी, आणि न बोलावता आलेल्या गावंडेकाकू. विषय एकच होता, यंदा कोणाला जाळायचं.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी आणि पिवळी या मोठ्या मारबतींच्या मागे बडगे असतात, म्हणजे वर्षभरात ज्याने ज्याने लोकांना छळलं त्याचे पुतळे. रोगराई, महागाई, लबाडी, सगळ्यांना ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत वेशीबाहेर न्यायचं आणि जाळून टाकायचं. आमच्या ले-आउटचा बडग्या लहान असतो, आठ फुटांचा, आणि नाल्यापलीकडच्या मैदानात जळतो. मागच्या वर्षी डास जाळला होता. त्याच्या आदल्या वर्षी वीजबिल.

चेतन इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुतळ्याचं सगळं तोच बघतो. त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. नाकात नथ, डोळ्यांत काजळ, हातात चांदीची वाटी. टीव्हीवरच्या मालिकेतली धाकटी राणी. थोरली राणी वारल्यावर राजवाड्यात आलेली, आणि थोरलीच्या मुलाला खिरीतून विष देणारी. घोषणाही तयार होती, ‘लेकराले जहर देणारीले घेऊन जा गे मारबत’. मित्रांनी टाळ्या दिल्या. काकूंनी हात वर केला.

“हिच्यावर आरोप काय आहे?”

चेतन म्हणाला, जहर दिलं.

“कोणी पाहिलं?”

“सगळ्यांनी, काकू. मंगळवारच्या एपिसोडमध्ये.”

“त्या वेळी खोलीत कोण होतं?”

“कोणीच नाही. दार लावून घेतलं होतं तिनं.”

“मग लिहिणाऱ्याले कसं कळलं?”

चेतन मोबाइलवरचं चित्र पुन्हा बघू लागला. गुणवंतभाऊंची लकडगंजला लाकडाची टाल आहे, पुतळ्याचे बांबू दरवर्षी त्यांचे असतात, म्हणून अध्यक्षही तेच. ते समजुतीने म्हणाले, “काकू, हे टीव्हीतलं हाय. तुम्ही काहून एवढं मनाले लावून घेऊन राहिल्या?”

“मनाले लावून नाही राहिली गा, गुणवंता. विचारून राहिली. जाळायच्या आधी विचारावं लागते.” आणि मग त्यांनी तारीख मागितली. गंमत म्हणून गुणवंतभाऊंनी दिली. बुधवार, संध्याकाळच्या आरतीनंतर. मी वहीत लिहून घेतलं. बाहेर पडताना चेतनचा एक मित्र दुसऱ्याला म्हणाला, राणीले वकील भेटला.

गावंडेकाकू वकील नव्हत्या. जिल्हा न्यायालयात स्टेनो होत्या. तीस वर्षं साक्षी उतरवून निवृत्त झाल्या, पण हात अजून निवृत्त झालेला नाही. समोर कोणी बोलायला लागलं की त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर चालू लागते. लघुलेखन. भाजीवाल्याचे भाव, मंदिरातलं प्रवचन, माझ्या बायकोची म्हणजे सुनीताची पाण्याच्या टँकरवाल्याबद्दलची तक्रार, सगळं त्यांच्या पातळावर उतरत असतं. बोट थांबलं की समजावं, बोलणारा विषय सोडून बोलतो आहे. माझ्या बोलण्यात ते बरेचदा थांबतं, हे मी नोंदवून ठेवतो.

एकदा सुनीताने त्यांना सांगितलं की पलीकडच्या लाइनीतली सून म्हणे भांडून माहेरी निघून गेली.

“म्हणे कोण?”

“आमची कामवाली.”

“ती होती तिथं?”

“नाही, तिला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं.”

“ऐकीव आहे. खोडा,” काकू म्हणाल्या आणि चहा संपवला. संध्याकाळी ती सून आमच्या फाटकासमोरून मेथी घेऊन जाताना दिसली. तेव्हापासून आमच्या घरात कुठलीही बातमी आली की सुनीता आधी म्हणते, खोडू का?

मालिका संध्याकाळी आठला असते. ती कोणत्या घराण्यावर आहे ते मी लिहीत नाही, उगाच कोणाशी वाद नको. काकूंच्या घरी बेचाळीस इंची टीव्ही आहे, हैदराबादहून प्रशांतने पाठवलेला. तरी त्या रोज पावणेआठला आमच्याकडे येतात. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, “एकट्यानं पाहिलेलं धरत नाहीत.”

प्रशांत हा गावंडेसाहेबांच्या पहिल्या बायकोचा मुलगा. साहेब बांधकाम खात्यात होते, जाऊन बारा वर्षं झाली. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा प्रशांत नऊ वर्षांचा होता, आता त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो फोन करतो. औषधं आहेत ना, घरपट्टी भरली ना, गिझर चालतो ना. डिसेंबरात एक दिवस येऊन जातो. वागण्यात एका शब्दाची कमतरता नाही. काकूही त्याच्याबद्दल कधी वावगं बोलल्या नाहीत. फारसं बोललेल्याच नाहीत, असं म्हणणं जास्त अचूक होईल.

मालिकेत चुका भरपूर होत्या आणि त्या शोधण्यात माझी आणि सुनीताची स्पर्धा असे. मी गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझं लक्ष खजिन्याकडे. राजाने एका महिन्यात नर्तकीला एक लाख मोहरा, सेनापतीला दोन लाख आणि एका खबऱ्याला गळ्यातला हार दिला, तेही राज्यात दुष्काळ दाखवून. तिसऱ्या महिन्यात माझ्या हिशेबाने खजिना उणे झाला होता, तरी चौथ्यात राजवाड्याला नवीन मजला चढला. सुनीताचं म्हणणं, राणी झोपतानाही कमरपट्टा घालते, तिला रुतत नाही का. आणि सगळे कटवाले एकाच पडद्याजवळ उभे राहून मोठ्याने बोलायचे, त्या पडद्यामागे रोज तीच दासी.

काकू या सगळ्यावर हसायच्या. “घालू दे दागिने. दागिन्यानं कोणाची अब्रू जात नाही.” त्यांचा आक्षेप निराळाच होता. मालिका सुरू होण्याआधी खाली बारीक अक्षरांत एक सूचना येते. मला त्यांनी ती रिमोटने थांबवून वाचायला लावली. त्यात होतं की ही कथा काल्पनिक आहे. आणि जाहिरातीत रोज सांगत होते, इतिहासाने लपवलेलं सत्य. “एका तोंडानं दोन जबान्या,” काकू म्हणाल्या. “साहेबांनी असा साक्षीदार दारातूनच परत पाठवला असता.” साहेब म्हणजे त्यांच्या बोलण्यात नवरा नव्हे. न्यायाधीश.

बैठकीच्या आधीच्या मंगळवारी धाकट्या राणीने दार लावलं, पदराच्या गाठीतून पुडी काढली आणि खिरीत कालवली. मागे ढोल वाजत होते. राजकुमाराने वाटी तोंडाला लावली. काकूंचं बोट मांडीवर थांबलं. भाग संपायच्या आधी त्या कधी उठत नाहीत, त्या दिवशी उठल्या. पाणी पिऊन येते म्हणाल्या. स्वयंपाकघराकडे न जाता चपला घालून घरी निघून गेल्या. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी काही समजलं नाही.

रविवारच्या बैठकीनंतर दोन दिवस काकू वाचनालयात बसून होत्या. मंगळवारी त्यांनी त्या घराण्याच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, तुम्ही आकडेवाले आहात, मोजा. मी मोजलं. राजाच्या लढायांना चाळीस पानं होती. घोड्यांना अडीच. धाकट्या राणीला एक वाक्य. तिचं लग्न झालं, आणि राजाच्या मागे बरीच वर्षं ती जगली. राजकुमार कसा गेला त्याबद्दल एवढंच की लहान वयात गेला. विष नाही, खीर नाही, वाटी नाही.

“म्हणजे तिनं दिलं नाही,” मी म्हणालो.

“असं कुठं लिहिलं आहे?” काकू म्हणाल्या. “दिलं असंही नाही, नाही दिलं असंही नाही. तुम्ही पण घाई करून राहिले.”

बुधवारी आरतीनंतर हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. एवढी आमच्या ले-आउटच्या वार्षिक सभेला येत नाहीत. सतरंज्या कमी पडल्या. गुणवंतभाऊ मध्ये खुर्ची टाकून बसले. चेतनने पुतळ्याचा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यावर जरीचं जुनं पातळ गुंडाळून झालं होतं, चेहरा अजून बसायचा होता. सुनीताने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. ले-आउटच्या ग्रुपवर टाकायला.

काकूंनी पुस्तक उघडून ते एक वाक्य वाचलं. मग जाहिरातीतलं आणि बारीक अक्षरांतलं सांगितलं. लोक ऐकत होते, थोडे हसत होते. एक बाई म्हणाल्या, काकू, सावत्र ते सावत्रच, त्यात पुरावा काय बघायचा. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

गुणवंतभाऊंनी मग आपल्या परीने मोठा मुद्दा काढला. “काकू, आपल्या नागपुरात राणीले जाळनं नवं हाय का? काळी मारबत कोनाची म्हनतेत लोक? एका राणीचीच ना?”

“म्हणतात. तिलेही कोणी तारीख दिली नाही.”

“बरं, मंग तुम्हीच सांगा. या धाकटीनं जहर देल्लं नाही, हे तुम्हाले मालूम हाय?”

“नाही.”

हॉलमध्ये हसू झालं. चेतन म्हणाला, केस संपली.

“मला नाही मालूम,” काकू म्हणाल्या. “तुम्हालेही नाही मालूम. म्हणून तर म्हणते, जाळू नका.” मला वाटलं, झालं त्यांचं. पण त्या खाली बसल्या नाहीत. पुढचं त्या कोणाकडे न बघता बोलल्या, आणि त्या वेळी त्यांनी आमची बोली सोडून कचेरीतली भाषा धरली.

“आमचा प्रशांत सहावीत असताना आजारी पडला. रात्री माझ्या हातचं जेवला आणि सकाळी उलट्या सुरू झाल्या. धंतोलीत दवाखान्यात भरती केलं. माझ्या नणंदा आल्या. त्यांनी मला सांगितलं, तू आत येऊ नको, मुलाला त्रास होतो. कारण सांगितलं नाही. मी रिपोर्ट येईपर्यंत तीन दिवस दवाखान्याच्या फाटकाशी उभी होते. रिपोर्ट आला. कावीळ निघाली. मग सगळे मला म्हणाले, ये, आत ये, बाहेर काय उभी.”

टिनावर कावळा चालत होता, तोही ऐकू येत होता.

“आरोप कोणी केलाच नव्हता. म्हणून मी निर्दोष आहे, असंही कोणी म्हणालं नाही. एवढंच मला सांगायचं आहे.” आणि त्या सतरंजीवर बसल्या.

सावत्र ते सावत्रच म्हणणाऱ्या बाईंनी आपल्या शेजारची जागा उगाच हाताने झटकली. गुणवंतभाऊंनी चेतनला विचारलं, “बेटा, ह्या सांगाड्याचं दुसरं काय होऊ शकते?”

चेतन म्हणाला, पातळ काढलं तर काहीही होऊ शकतं.

रात्री जेवायच्या आधीच ठरलं. जरीचं पातळ उतरवलं, मुकुटाच्या जागी पिवळं हेल्मेट आलं, वाटी काढून हातात फावडं दिलं आणि धाकटी राणी आमच्या चौकातल्या खड्ड्यांचा ठेकेदार झाली. चेहरा करणाऱ्या पेंटरने नथ खोडून मिशी काढायचे तीनशे रुपये जादा मागितले, मी दिले. दुसऱ्या दिवशी काकू पुतळा बघायला आल्या. सगळीकडून फिरून बघितला.

“ठेकेदाराविरुद्ध पुरावा?”

गुणवंतभाऊंनी काकूंना चौकात नेलं आणि खड्डा दाखवला. त्याच वेळी एक स्कूटरवाला त्यात आपटून गेला. काकू म्हणाल्या, “चालेल. जाळा.”

मारबतीच्या दिवशी ठेकेदार व्यवस्थित जळला. काकू मैदानात आल्या होत्या. पोरांबरोबर ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणाल्यासुद्धा, फक्त खड्ड्यांच्या वेळी. चहाड्या, अफवा वगैरे कोणी ओरडलं तेव्हा गप्प होत्या.

इथे हे टिपण संपायला हवं होतं. पण सुनीताचं चित्रण ग्रुपवर गेलेलं होतं, आणि घर अर्धं प्रशांतच्या नावावर असल्यामुळे तोही त्या ग्रुपवर आहे. तो तिथे कधी काही लिहीत नाही, म्हणून आम्ही विसरलो होतो. मारबतीनंतरच्या शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. काकूंना नाही, मला. आधी त्याने गिझरचं विचारलं. मग म्हणाला, “काका, ती खरंच फाटकाशी उभी होती?”

मी विचारलं, का?

“मला आत्यांनी सांगितलं होतं की ती आलीच नाही. तीन दिवसांत एकदाही आली नाही.”

मी तेव्हा या ले-आउटमध्ये राहत नव्हतो. काकूंच्या संगतीत जे शिकलो त्याप्रमाणे म्हणालो, मी पाहिलेलं नाही, मला विचारून उपयोग नाही. तिलाच विचार.

रविवारी सकाळच्या गाडीने तो आला. डिसेंबर नसताना आला म्हणून काकू आधी घाबरल्या, नोकरी तर गेली नाही ना. अर्ध्या तासाने त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेलो तर दोघं समोरासमोर खुर्च्यांवर, मध्ये पोह्यांच्या दोन बश्या, दोन्ही भरलेल्या. मी म्हणालो, मी नंतर येतो, तुमचं घरचं बोलणं आहे. काकू म्हणाल्या, “बसा. दोघांच्या बोलण्याले तिसरा लागते. उद्या हा म्हणेल असं झालं, मी म्हणेन तसं झालं.” मी बसलो. त्यांची तर्जनी मांडीवर तयार होती, पण चालत नव्हती.

प्रशांतने आपल्याला आठवतं ते सांगितलं. सलाइनची बाटली. आत्या पलंगाशी. तो रोज दाराकडे बघायचा आणि आत्या म्हणायच्या, बघू नको, ती येणार नाही. हे सांगताना तो एखाद्या शाळकरी मुलासारखा खाली बघत होता. पुढे म्हणाला, “मी चिडलो होतो तुझ्यावर. विष-बिष असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं कधी. तू आली नाहीस, एवढंच होतं.”

काकूंनी हे ऐकून घेतलं. पस्तीस वर्षं त्या एका आरोपाची तयारी करून बसल्या होत्या, आणि आरोप निघाला दुसराच. मग त्यांनी विचारलं, “तिथं खायला काय द्यायचे तुला?”

“दवाखान्याचं. राजगिऱ्याच्या लाह्या आणि ताक. आया आणायची.”

“कशात आणायची?”

“डब्यात. पितळेचा होता.” मग तो थांबला. “झाकणाला सुतळी बांधलेली असायची. का?”

“दवाखाना डबे देत नव्हता,” काकू म्हणाल्या.

बाहेर भंगारवाल्याची हाळी आली आणि पुढच्या लाइनीत निघून गेली. प्रशांतने विचारलं, आया तयार कशी झाली, आत्यांनी तर कोणाला काही घेऊ दिलं नसतं.

“आत्यांना नाही सांगितलं तिनं. मी तिला डब्यामागे दोन रुपये द्यायची.” काकूंनी पोह्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. “तीन दिवसांचे सहा दिले. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला, तो तिलाही कळला, आणि त्या दिवशी तिनं डबा घेतला, पैसे नाही घेतले.”